काशीत सोडलेलं वांगं

काशीला गेलं की काहीतरी सोडून यावं, हा रिवाज कौसाबाईला ठाऊक होता आणि रिवाजावर तिचा राग नव्हता. राग होता तो लोकांच्या हुशारीवर. गल्लीतला एक जण कारलं सोडून आला होता. जन्मात त्यानं कधी कारल्याला तोंड लावलं नव्हतं. दुसरा पडवळ सोडून आला, कारण पडवळ त्यांच्या शेतात कधी लागतच नसे. गंगामाईला काय, कोणीही यावं आणि घरातली अडगळ तिच्यात टाकून जावं! पण ही माणसं निदान आपापलं सोडून आली होती. कौसाबाईच्या नवऱ्यानं, चुडामणनं, जे केलं ते त्या दोघांच्या वरताण होतं.

ही एकोणीसशे चौतीस सालची गोष्ट. तापीकाठच्या त्या गावातून चुडामण दिवाळी झाली तसा काशीला निघाला. नंदुरबारपर्यंत बैलगाडी, पुढे रेल्वे. महिन्याभरानं गंगेच्या पाण्याचा गडू छातीशी धरून तो परत आला आणि मार्गशीर्ष लागल्यावर दुसऱ्याच दिवशी घरी मावंदं झालं. यात्रेहून आलेल्या माणसानं गावाला जेवण घालायचं, गंगेची पूजा करायची आणि चार ठिकाणचं चार चार वेळा सांगायचं, ते मावंदं. पंगत ऐन रंगात असताना कोणीतरी विचारलं, "आबा, काशीमा काय सोडीसन उनात?"

"वांगं," चुडामण म्हणाला.

पंगतीत दोन-चार माना डोलल्या. वांगं म्हणजे काही कारलं नव्हे. खानदेशातल्या माणसानं वांगं सोडायचं म्हणजे खरंच काहीतरी सोडलं म्हणायचं. एवढ्यावर थांबला असता तर कौसाबाईनंही दाराआडून हात जोडले असते. पण चुडामण पुढे बोलला.

"मन्हं एकलानं नई. समदा घरनं सोडं. आते ह्या घरमा वांगं शिजनार नई."

दाराआड उभ्या असलेल्या कौसाबाईच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. सगळ्या घराचं? घरात ती होती, मुलगा नवल होता, सून सुंदरबाई होती, दहा वर्षांचा लोटन, सहा वर्षांची धनू आणि अडीच वर्षांचा भिला होता. ह्यातल्या एकालाही न विचारता हा माणूस हजार मैलांवर जाऊन सगळ्यांच्या ताटातलं उचलून नदीला देऊन आला! आणि तेही कधी? वांगेसट चार दिवसांवर आली असताना.

वांगेसट म्हणजे चंपाषष्ठी. आषाढात एकादशीला ह्या घरात वांगं बंद व्हायचं ते थेट त्या दिवशी खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवूनच सुरू व्हायचं. पाच महिने पोरं वाट बघत. आणि भरीत घरात होत नसे. भल्या पहाटे गाडी जुंपायची, पोरांना गोधड्यांत गुंडाळून आत बसवायचं, गेल्या सालच्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, भारा मागे बांधायचा आणि तापीकाठच्या शेतात जायचं. तिथं थंडीत हात-पाय आखडलेली पोरं पहिल्यांदा जाळाशी बसत आणि ऊन अंगाला लागलं की सुटत. बोरीखाली बोरं, दरडीवरून वाळूत घसरगुंडी, ओल्या वाळूत हातभर खोल विहिरी, पाण्यावर चपट्या दगडांच्या भाकरी. कोणाची किती उड्या मारत गेली ह्यावरून भांडणं. दिवसभर कोणी "पडशील" म्हणत नसे.

ह्या घराची आणखी एक रीत होती. त्या दिवशी भरीत पुरुषांनी भाजायचं आणि पुरुषांनीच ठेचायचं. बायकांनी कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या, भाकरी तेवढ्या बांधून न्यायच्या, आणि मग दरडीखाली उतरायचं, जिथं वरून कोणाला दिसत नाही. मोठ्या शेतकऱ्याच्या घरची सून. वर्षभर डोक्यावरचा पदर ओठापर्यंत. विहिरीवर जायचं तरी सोबत लागे. पण वांगेसटीला दरडीखाली सुंदरबाई पदर खोचून पोरांच्या मागं धावायची, वाळूवरून घसरायची आणि मोठ्यानं हसायची. कौसाबाईनं ते हसणं वर्षातून तेवढं एकदाच ऐकलेलं होतं. तिची स्वतःची चाळीस वर्षंही तशीच गेली होती, त्या एका दिवसाच्या आधारानं. आणि हा काशीकर म्हणतो, सोडलं!

पाहुणे गेले, भांडी घासून झाली, तेव्हा तिनं त्याला ओसरीवर गाठलं.

"तुम्हना तोंडनं सोडतात तं मी पाय धरतू. पोरेस्ना तोंडनं कसं सोडं तुम्हीन?"

चुडामण गंगेच्या गडूला लावलेल्या लाखेकडे बघत राहिला. "गंगामा उभा ऱ्हायीसन बोलेल शे. आते फिरत नई."

"मंग तमाखू काब नई सोडी?"

तो उठून गोठ्यात गेला. कौसाबाईला काय समजायचं ते समजलं. चुडामणचे दात पडले होते, गेल्या सालापासून वांग्यानं त्याला वात होतो म्हणून वैद्यानं नाक मुरडलं होतं. म्हणजे ह्यानंही कारलंच सोडलं की! वर पुण्य जास्त मिळावं म्हणून घरच्यांची नावं जोडून दिली. स्वतःची तंबाखूची चंची कमरेला तशीच. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच, आणि इथं तर बायजीला गाव पाया पडत होतं.

नंतरचे तीन दिवस त्या घरात कौसाबाईचाच आवाज होता. भांडं आपटायचं, दार आपटायचं, आणि गाईला वैरण टाकतानाही गाईलाच ऐकवायचं की बाई, तू तुझा चारा कुठं सोडून येऊ नको. लोटन रोज सकाळी विचारायचा, "मोठी माय, नदीवर कव्हय जासूत?" धनू विचारायचीही नाही; नुसती मळ्यात जाऊन हिरवीगार, हाताएवढी वांगी मोजून यायची आणि आकडा सांगायची. ते कौसाबाईला जास्त लागायचं.

तिनं मुलाला विचारून पाहिलं. नवल म्हणाला, "माय, बाप बोली गया तं बोली गया. मी काय करू?"

"तू काही करू नको. तू घर बस," ती म्हणाली. तीस वर्षांचा घोडा, आणि बापापुढं मान वर होत नाही! वांगेसटीला वांगी भाजताना बोटं भाजली तर हाच तोंडात बोट घालून नाचायचा, तेव्हा त्याला आवडत होतं सगळं.

एकटी सुंदरबाई काही बोलली नाही. तिचं गप्प बसणं नवं नव्हतं. तिची दोन पोरं गेली होती, लोटन आणि धनूच्या मधला एक आणि धनूच्या पाठचा एक, दोन्ही ज्वरानं. म्हणून त्यांच्या पाठच्याचं नाव भिला ठेवलं, म्हणजे देवाला वाटावं की हे पोर कोणाच्या कौतुकाचं नाही. तरी ह्या आश्विनात भिलालाही ताप भरला होता. अकरा दिवस. आता बरा होता, पण मान बारीक आणि डोळेच मोठे दिसत.

वांगेसटीच्या आदल्या संध्याकाळी चुडामणनं सांगून टाकलं, "सकाय गाडी जुपानी नई."

"माले पाय शेत," कौसाबाई म्हणाली.

आणि ती खरंच पायी निघाली. पहाटे उठून तिनं आणि सुंदरबाईनं भाकरी थापल्या, मळ्यातली वीस वांगी तोडून टोपलीत भरली, टोपली डोक्यावर घेतली, भिलाला सुंदरबाईच्या कडेवर दिलं आणि दोन पोरं पुढं घालून भर गल्लीतून चालू लागली. पऱ्हाट्यांचा भारा नवलनं गुपचूप पहाटेच शेतात टाकून ठेवला होता. तेवढं धाडस त्याला झालं, तेही अंधारात. गल्लीत ओट्यावर शेकत बसलेल्या म्हाताऱ्यांनी टोपलीतली वांगी पाहिली. काल-परवा ह्याच ओट्यावर बसून त्यांनी चुडामणच्या त्यागाची वाखाणणी केली होती. एकानं खाकरून घसा साफ केला. कौसाबाईनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो पुढं खोकलाच नाही.

शेतात पोचल्यावर पोरं सुटली. कौसाबाई जाळ करायला बसली आणि तिथं तिची फजिती सुरू झाली. चाळीस वर्षांत तिनं हजार वेळा भरीत खाल्लं होतं, पण वांगेसटीचं भाजलं नव्हतं. घरातल्या चुलीत एखादं वांगं भाजणं वेगळं आणि उघड्यावर पऱ्हाट्यांच्या जाळात वीस भाजणं वेगळं. वारं फिरलं की धूर तिच्या डोळ्यांत. वांग्यांना टोचे मारायचे राहून गेले, म्हणून दोन फटाफट फुटली आणि गर राखेत गेला. बाकीची एका अंगानं कोळसा, दुसऱ्या अंगानं कच्ची. डोळे पुसत, खोकत, वांगी उलटत ती सगळ्या जगाला शिव्या देत होती: वाऱ्याला, पऱ्हाट्यांना, नवऱ्याला. भाजायला लागणारा माणूस घरी बसून पुण्य मोजत होता म्हणून तर ही पाळी!

पण खालून पोरांचा आरडाओरडा येत होता. लोटननं दरडीवरून घसरायला जुनं पोतं आणलं होतं. धनू त्याच्या मागं बसून वाळूत जाऊन आपटत होती आणि पुन्हा चढत होती. सुंदरबाईनं इकडं तिकडं पाहिलं, पदर खोचला, आणि भिलाला मांडीवर घेऊन पोत्यावर बसली. चौघं एकदम खाली गेली. भिला आधी घाबरला आणि मग असा खिदळला की कौसाबाईच्या हातातली काडी थांबली. अकरा दिवस तापात पडलेलं पोर ते. कौसाबाई तेव्हा उठली आणि धुरातून बाजूला होऊन दरडीच्या काठावरून जरा वेळ नुसती बघत राहिली.

पहिली वांगी कशीबशी झाली. तिनं सालं काढली, काठवटीत मिरची-लसूण-शेंगदाणे घालून ठेचली, वर तेल ओतलं. एका बाजूला खंडोबाचा नैवेद्य मांडला. सगळ्यांनी "येळकोट" केला. पोरं वाळूनं भरलेले हात अंगाला पुसून गोल बसली. भिला सगळ्यांत पुढं. तिनं भाकरीचा तुकडा मोडून, भरीत लावून त्याच्या हातात दिला.

तेवढ्यात गाडीची घुंगरं वाजली. चुडामण. बैल उभे राहायच्या आत तो उतरला, धोतर सावरत वाकतच आला, आणि पहिल्यांदा त्यानं काय करावं? भिलाच्या तोंडाशी गेलेला घास ओढून घेतला.

पोर आधी बघतच राहिलं. मग त्यानं ओठ काढला आणि रडायला लागलं.

कौसाबाईला चार दिवसांत आलेला राग ह्यापुढं काहीच नव्हता. "धाकला पोऱ्याना तोंडमातीन घास काढस? ही शे तुम्हनी काशी? कुत्रं बी नई करत आसं! पुण्य पाहिजे तं सोता उपाशी मरा. आमना गळा काब दाबतस?" ती इतक्या मोठ्यानं बोलली की नदीपलीकडून आवाज फिरून आला. सुंदरबाईनं पोराला उचललं, तिचा पदर खांद्यावरच होता आणि सासऱ्यासमोर तो ओढून घ्यायचं तिच्या लक्षात आलं नाही.

चुडामण तो घास मुठीत धरून उभा होता. भरीत त्याच्या बोटांतून गळत होतं.

"दोन गयात, नवलनी माय," तो म्हणाला. "हाऊ तिसरा शे."

सुंदरबाईनं भिलाला छातीशी आवळलं.

"पंड्यानी सांगं, पोऱ्या जगाले पाहिजे तं काही सोड. मी तमाखू सांगी. तो हासना. बोलना, ते तुन्हं शे. घरले समदास्मा प्यारं काय शे ते सांग." त्यानं नदीकडे पाहिलं. "मंग माले हाऊ दिन याद उना. ह्यानापेक्षा प्यारं आपला घरमा काय शे? तूच सांग. मी पानी सोडं आनि रडनू तठे."

म्हणजे दात नाहीत म्हणून नव्हे, वात होतो म्हणून नव्हे. ह्या माणसानं गंगेत उभं राहून सगळ्या घरातली सगळ्यांत लाडकी गोष्ट शोधली, आणि त्याला ती बरोबर सापडली होती. कौसाबाईनं त्याच्याबद्दल तीन दिवस गाईला जे जे सांगितलं होतं ते सगळं खोटं ठरलं. दुसरी एखादी बाई इथं विरघळली असती.  पण कौसाबाईचा राग काही गेला नाही. उलट आता तो नवऱ्यावरून उठून त्या पंड्यावर गेला, त्या न पाहिलेल्या गंगेवर गेला, आणि फिरून नवऱ्यावर आला.

"पोरे जगोत म्हनीसन पोरेस्ना दिनच दी टाका?" ती म्हणाली. आवाज आता खाली आला होता आणि त्यामुळं जास्त लागत होता. "मंग त्या जगीसन करतीन काय? घरमा बशीसन तुम्हना तोंडकडे देखतीन? आते हासना व्हता हाऊ पोऱ्या, तुम्ही आयकं नई. मी आयकं. दोन गयात, त्या बी आठेच खेळीसन गयात. तेवढंच भेटनं त्यास्ले!"

सुंदरबाई तेव्हा रडायला लागली, आवाज न करता.

कौसाबाईनं हात धुतले नाहीत की पदर सावरला नाही. तशीच दरड उतरली, वाळू तुडवत पाण्यात गेली, गुडघाभर. मार्गशीर्षातलं सकाळचं पाणी. पोटऱ्यांत कळ आली. गंगेत न्हावं तेव्हा जे मिळतं ते तापीचं नुसतं नाव घेतल्यानं मिळतं, असं ह्या काठावर लहानपणापासून सगळे सांगतात. मग आज त्याचा पडताळा द्यावा तिनं! कौसाबाईनं ओंजळ भरली.

"तापीमाय, आयक. घरनं सोडेल वांगं मी मन्हा एकलीना माथे लिधं. जित्ती शे तवलोंग खानार नई. पोरेस्नं सोडी दे. तुन्ही मोठी बहीणले निरोप धाड, कोनतं बी मागनं व्हई तं माले माग." आणि पाणी सोडलं.

ती वर आली तेव्हा लुगडं निथळत होतं. चुडामण तिथंच उभा होता. तिनं पाण्यात काय म्हटलं ते सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

"तुले तं मन्हापेक्षा बी जास्ती आवडस," तो हळू म्हणाला. "तू काब सोडं?"

"मंग? नई आवडे ते सोडाले मी काय अडानी शे?"

ती जाळाशी बसली आणि लोटनच्या, धनूच्या भाकरीवर भरीत घातलं. त्या दोघांनी आजीकडे पाहिलं, आजोबाकडे पाहिलं, आणि भूक लागलेली पोरं जे करतात ते केलं. राहिला भिला. सुंदरबाईच्या कडेवर हुंदके देत तो भावंडांच्या तोंडांकडे बघत होता. कौसाबाईनं घास केला, पण हात पुढं केला नाही. ह्या पोराच्या बाबतीत तिचीही छाती होईना. पाण्याला आपण बोललो खरं, पण पाण्यानं ऐकलं का? आणि नसेल ऐकलं तर? दोन तर गेलीच होती. तिनं घास सुंदरबाईसमोर धरला. पोर तिचं होतं. आजवर तिला कोणी काही विचारलं नव्हतं, काशीला जाताना नाही की नदीवर येताना नाही.

"तू सांग," कौसाबाई म्हणाली.

सुंदरबाईनं सासऱ्याकडे पाहिलं. उघड्या तोंडानं, पदर खांद्यावर, सरळ डोळ्यांत. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि चुडामणनं आपल्या सुनेचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. मग तिनं घास घेतला आणि पोराच्या तोंडात घातला.

भिलानं चावलं. मिरची लागली, डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहिलं. "आखो," तो म्हणाला. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ एवढाच, की आणखी दे.

काठवट चुडामणच्या पायाशी होती. पोरानं हात केला तो त्याच्याकडे, अजून हुंदका पुरता थांबला नव्हता तरी. चुडामण खाली बसला.  त्यानं आधी मुठीतला चुरा झालेला घास जमिनीवर ठेवला, मग भाकरी मोडली, काठवटीतलं भरीत घेतलं, शेंगदाणा अडकेल म्हणून बोटानं बाजूला काढला, आणि पोराच्या तोंडाशी नेला. पोरानं बोटासकट चोखला.

कौसाबाईनं कोरडी भाकरी आणि एक कांदा घेतला आणि त्यांच्याकडे पाठ करून बसली. कांदा तिनं दगडावर आपटून फोडला. भरिताचा वास येत होता, तोंडाला पाणी सुटत होतं, आणि त्या पाण्याचाही तिला राग येत होता. पाच महिने वाट बघितली होती तिनंही.